वाडी कोणी वाळवली?

१

दिवेआगरात अंबिकाबाईंच्या तोंडाला सहसा कुणी लागत नाही. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेला, आणि वर्ग गप्प करायचा तो आवाज निवृत्तीनंतरही घशातच राहिला. त्या सकाळी त्यांनी वाडीचं बेडं, म्हणजे बांबूचं फाटक, लोटून आत पाऊल टाकलं आणि त्या आवाजाला जे काही सुचलं, ते ऐकून शेजारी पाव द्यायला आलेल्या माणसानं सायकल आल्या वाटेनं वळवली.

आणि का नाही ओरडायचं? समोर सुपारीची कोवळी झाडं उभीच्या उभी करपली होती. झावळ्या खाली लोंबत होत्या, पानं कागदासारखी चुरत होती. वादळानं जुनी वाडी आडवी केली तेव्हा गावातल्या कितीतरी जणांनी हाय खाल्ली. बाईंच्या यजमानांनी, महादेवरावांनी मात्र नाही. त्यांनी आणि बाईंनी पुन्हा खड्डे खणले, रोपं लावली. महादेवराव गेले, झाडं वाढली. यंदा कुठं पहिली पोय, म्हणजे फुलांचा तुरा, बाहेर डोकावत होती. ती बघून बाई नॉर्वेला गेल्या होत्या आणि काल रात्री परत आल्या होत्या.

"बुधाजी," त्यांनी हाक मारली. हाक कसली, फटकाच.

बुधाजी वाडीचं सगळं काम बघायचा. तो विहिरीपाशीच उभा होता, मान खाली घालून.

"पाणी का नाही दिलंस?"

"बाई, तुमीच तर..."

"एक शब्द बोलू नकोस. त्या विहिरीलगतच्या रांगेला बरं पाणी मिळालं? हाताशी होती तेवढी शिंपलीस आणि बाकी मेली तर मरू देत, असंच ना? मी पाठ फिरवायची वाट बघत होतास. चालता हो."

विहिरीलगतची एक रांग खरंच हिरवीगार होती. त्या हिरव्या रांगेनं बाईंचा राग आणखीच पेटला. बुधाजीनं पुन्हा तोंड उघडलं, बाईंनी पुन्हा हात वर केला. त्यानं खिशातून मोटरच्या खोलीची चावी काढली, पायरीवर ठेवली आणि तो निघून गेला.

अर्ध्या तासानं त्याची बायको सखू आली. तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. नवऱ्याचा मोबाइल तिनं बाईंच्या डोळ्यांसमोर धरला. "शिकलेल्या हाव ना? वाचा."

बाईंनी वाचलं. "बुधाजी, विहिरीचं पाणी मचूळ झालं असणार. तसलं पाणी घातलंस तर झाडं जळतील. मी येईपर्यंत मोटर लावायची नाही. फोन करून माझं डोकं खाऊ नकोस."

वर नाव होतं, अंबिकाबाई. नंबरही त्यांचाच होता.

२

बाईंनी आपला मोबाइल उघडून पाहिला. बुधाजीशी झालेली बाकी बोलणी जागच्या जागी होती, हा निरोप तेवढा पुसलेला. मेल्यानं पाठवून वर पुसलाही होता. शब्द असे की क्षणभर त्यांना स्वतःचाच संशय आला. माझं डोकं खाऊ नकोस, हे वाक्य त्या दिवसातून दहादा म्हणत.

निरोप दोन आठवड्यांपूर्वीचा, चतुर्थीच्या दिवसाचा होता; त्यानंतर बुधाजीचा फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक, असं बाई धरून चालल्या होत्या. संकष्टीचा दिवस, म्हणून तो बाईंना नीट आठवत होता.

त्यांची लेक भार्गवी नॉर्वेत नोकरी करते. तिनं उन्हाळ्यासाठी एक मोठी कॅम्पर व्हॅन भाड्यानं घेतली होती. म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा, मागे दोन बिछाने, मधे शेगडी, आणि संडास एवढासा की आत वळायचं तर बाहेर येऊन वळावं. त्यात माणसं पाच. बाई, भार्गवी, थोरला अजेय, त्याची बायको आश्लेषा आणि बाईंचे धाकटे दीर देवदत्त. दिवसभर गाडी बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्यानं पळायची. वळण घेतलं की तळं, त्या तळ्याच्या टोकाला धबधबा, तो संपेपर्यंत दुसरं तळं. अजेय गाडी चालवता चालवता म्हणायचा, "आई, इथंच राहावंसं वाटतं की नाही?" बाई म्हणायच्या, "पाणी बघ किती वाया जातंय." त्यांना त्या तळ्यांतही आपली विहीर दिसायची.

चतुर्थीच्या दिवशी ते पार उत्तरेला होते. तिथं या दिवसांत सूर्य मावळतच नाही. डोंगराखाली गोठलेलं तळं, काठावर गाड्या लावायची मोकळी जागा, पलीकडे अंघोळीची आणि धुण्याची इमारत. दुपारीच भार्गवीनं विषय काढला होता, "आई, सहा महिने राहा ना माझ्याकडे." अजेय म्हणाला, "नाहीतर पनवेलला माझ्याकडे चल, कायमची." बाईंनी नेहमीचं उत्तर दिलं होतं, "माझी झाडं कोण बघणार?" मग त्यांना हुडहुडी भरली, गोळी घेऊन त्या मागच्या बिछान्यावर पडल्या. मोबाइल पुढच्या सीटपाशी चार्जिंगला लावलेला होता. आणि त्यावर बोट कसं फिरवलं की तो उघडतो, हे त्या गाडीत एकजात सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणजे गाडीतल्या चौघांपैकी एकानं बाईंच्या मोबाइलवरून बाईंच्या तोंडचे शब्द वापरून बाईंची झाडं मारली होती. परका असता तर पोलिसात गेल्या असत्या. घरचा होता, म्हणून त्या स्वतःच निघाल्या.

३

अजेय आणि आश्लेषा विमानतळावरून थेट इथंच आले होते. आश्लेषा स्वयंपाकघरात चहा गाळत होती.

"चतुर्थीच्या संध्याकाळी तू कुठं होतीस?"

"कपडे धूत होते, आई. भार्गवी आणि मी. पाच माणसांचे आठवड्याचे कपडे. मशीन आधी चालेना, मग थांबेना." तिनं सासूकडे नीट बघितलं. "काय झालंय?"

"एकदाही गाडीत आली नाहीस?"

"नाही. दारातून एक फोटो काढला तेवढा." तिनं मोबाइल पुढे केला. पांढरं गोठलेलं तळं आणि त्यावर टांगल्यासारखा लाल सूर्य. "चंद्रोदयाची वाट बघायची वेळ आणि हा बघा, सूर्य. स्टेटसला ठेवला तर आमच्या नाशिकला कुणाला खरं वाटेना."

बाईंनी तिथल्या तिथं नॉर्वेला फोन लावला. भार्गवी झोपेतून उठली होती, तरी तिनं तेच सांगितलं. दोघी शेवटपर्यंत एकत्र होत्या. वाडीचं कळल्यावर ती रडायला लागली.

"रडू नकोस, मला ऐकू येत नाही," म्हणून बाईंनी फोन ठेवला. शिवाय नाशिकच्या मुलीला काय माहीत, की समुद्राकाठच्या विहिरी मे संपता संपता मचूळ होतात? बुधाजीला पटेल अशी नेमकी थाप मारणारा माणूस वाडीत वाढलेला होता.

अजेय ओटीवर लॅपटॉप उघडून बसला होता. न्हावा शेवाच्या बंदरात कंटेनर हलवायचं त्याचं काम, सुट्टीतही त्याचा पिच्छा सोडत नसे. त्यानं निरोप वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

"मी गाडीच्या मागेच उभा होतो, आई. चंद्राची वाट बघत. पुढचं दार उघडं होतं, त्या बाजूनं कुणी आलं असेल तर मला दिसलं नसतं."

"काका कुठं होते?"

"तळ्यामागच्या टेकडीवर चढतो म्हणाले होते. चंद्र नीट दिसावा म्हणून." त्यानं लॅपटॉप मिटला. "चंद्र त्याच टेकडीवरून वर आला. मीच नाही का तुला उठवून सांगितलं? तू पडल्या पडल्या हात जोडलेस, वरणभात खाल्लास आणि झोपलीस."

ते खरं होतं. गाडीच्या खिडक्यांना उजेड अडवायला जाड पडदे लावलेले होते. लेक म्हणाला चंद्र दिसला, तेव्हा बाईंनी पडद्याला नमस्कार करून उपास सोडला होता.

राहता राहिले देवदत्त.

४

देवदत्तांचं घर कुंपणापलीकडे. गृहस्थ गणपतीचे मोठे भक्त, पण गेली दोन वर्षं त्यांनी एकच धोशा लावला होता. वाडी काढा, पर्यटकांसाठी काहीतरी करा. नॉर्वेहून तर ते नवीन खूळ घेऊन आले होते. आपल्या दोन्ही वाड्या मिळून समुद्राला लागून अशा गाड्यांचा तळ करायचा.

"भावजी, चतुर्थीला तुम्ही कुठं होता?"

"टेकडीवर. का?"

"चंद्र दिसला?"

"छे हो, वहिनी. बर्फात गुडघे भरले, दात वाजायला लागले, चंद्राचा पत्ता नाही. आभाळ बघाल तर लख्ख, ढगाचा ठिपका नाही. कॅलेंडरातली वेळ मुंबईची, म्हटलं इथं उशिरा येत असेल. शेवटी तसाच खाली आलो. त्या दिवशी मी उपास सोडलाच नाही. दुसऱ्या दिवशी पोळी खाल्ली."

बाईंचा पारा चढला. "लाज नाही वाटत? त्याच टेकडीवरून चंद्र आला. अजेयनं डोळ्यांनी पाहिलाय. तुम्ही टेकडीवर नव्हताच. तुम्ही गाडीत पुढे बसून माझ्या मोबाइलशी खेळत होता."

"मी?"

"वाडी वाळली की ही म्हातारी कंटाळून हो म्हणेल, असंच ना? भावानं लावलेली झाडं, भावजी. तुमच्या सख्ख्या भावानं."

देवदत्त उठून उभे राहिले. "वाडी काढा म्हणतो, ते तुमच्या तोंडावर म्हणतो. पाठीमागून वार करणाऱ्यातला मी नाही. गणपतीच्या पायांवर हात ठेवून सांगतो, त्या रात्री चंद्र नव्हता."

"गणपतीला यात ओढू नका," म्हणून बाई तणतणत बाहेर पडल्या. चोर सापडला होता. दोघांपैकी एक खोटं बोलत होता, आणि एक त्यांच्या पोटचा होता. हिशेब सरळ होता.

५

संध्याकाळी त्या विहिरीच्या कठड्यावर बसल्या. मेलेली झाडं मोजायचं धैर्य होईना, म्हणून समोर समुद्राकडे बघत राहिल्या. सूर्य पाण्याला टेकला होता. सवयीनं त्यांनी मान वळवून मागे डोंगराकडे पाहिलं. पौर्णिमेला इकडे सूर्य बुडतो आणि तिकडे डोंगरावर चंद्र येतो, हे दिवेआगरचं शेंबडं पोरही सांगेल. आज तिथं काही नव्हतं, आज पौर्णिमा नव्हती.

विहिरीवर जुना कप्पीचा दोर अजून होता. त्याच्या दोन टोकांना दोन पोहरे. बाईंनी उगाच दोर ओढला. एक पोहरा वर आला, दुसरा खाली गेला. सोडला, तर वरचा खाली गेला आणि खालचा वर आला.

त्यांचा हात दोरावरच थांबला.

सूर्य आणि पौर्णिमेचा चंद्र. समोरासमोर. एक खाली गेल्याशिवाय दुसरा वर येत नाही. दर वर्षी वर्गात एका मुलाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या हातात नारळ देऊन त्या हेच शिकवत. आणि चतुर्थी म्हणजे पौर्णिमेच्या मागोमागची, चंद्र फार कुठं सरकलेला नसतो. मग जिथं सूर्यानं खाली जायचंच नाकारलंय, तिथं हा चंद्र वर येणार कसा? आश्लेषाच्या फोटोत सूर्य तळ्यावर टांगलेला होता. त्या दिवसांत तिथं चतुर्थीचा चंद्र डोंगरावर काय, झाडाच्या शेंड्यावरही येणं शक्य नव्हतं.

आभाळ लख्ख होतं, म्हणजे देवदत्त खरं बोलत होते. बर्फात गुडघे भरवून भाबडेपणानं वाट बघणारा माणूस होता तो. खोटं बोलला तो दुसरा. ज्यानं आभाळाकडे बघितलंच नाही, कारण त्याचे डोळे दुसरीकडे कुठेतरी होते. ज्याला वाटलं, चतुर्थी आहे, वेळ झाली, चंद्र आला असणारच. दिवेआगरात वाढलेल्या माणसानं आभाळाकडे न बघता मारलेली थाप.

आणि आईला उठवून जेवू का घातलं? कारण ती मधेच उठली असती, तर तिनं पहिलं काय मागितलं असतं? चंद्रोदयाची वेळ बघायला मोबाइल.

बाई कठड्यावर बसून राहिल्या. त्यांना रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आला तो नुसता संताप.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना विहिरीपाशी बोलावलं. देवदत्त हाताची घडी घालून लांब उभे राहिले.

"अजेय, चतुर्थीचा चंद्र कसा होता रे?"

"कसा म्हणजे? पिवळा. मोठा. टेकडीच्या वर."

"आणि सूर्य?"

बाईंनी दोर ओढला. एक पोहरा वर आला.

"हा सूर्य. तुझ्या बायकोच्या फोटोतला. आता चंद्र कुठं आहे, दाखव मला. वाक आणि दाखव."

अजेय वाकला नाही. त्याला शाळेत बाईंनीच शिकवलेलं होतं. त्यानं एकदा विहिरीत पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि पायरीवर बसला. आश्लेषानं हातातली कपबशी खाली ठेवली.

"मागल्या वर्षी तू हौदाच्या कडेवरून पडलीस," तो म्हणाला. "बुधाजीनं उचलून आत नेलं. मला कळलं आठवड्यानं, तेही काकांकडून. तेव्हापासून फोन वाजला की वाटतं, तू पुन्हा पडलीस. भार्गवीनं किती विनवलं. मी किती विनवलं. तुझं एकच, झाडं कोण बघणार. म्हटलं, झाडंच नसली तर येईल. मला सगळी मारायची नव्हती, आई. थोडी सुकली की तुझं मन उडेल, असं वाटलं."

"मन उडेल." बाईंचा आवाज चढला नाही, आणि तेच सगळ्यांना जास्त भयंकर वाटलं. "तू विचारलंस, मी नाही म्हटलं. ते उत्तर होतं, अजेय. ते तुला आवडलं नाही म्हणून तू बापाच्या हातची झाडं तहानेनं मारलीस. माझी जीभ चोरून मारलीस. आजारी आईला खोटा चंद्र दाखवून जेवू घातलंस. काळजी म्हणतात याला? मला उचलून घेऊन जायचं होतं तर घर तरी जाळायचंस, निदान धूर दिसला असता."

"चुकलं."

"चुकलं नाही. केलंस."

देवदत्त खाकरले. बाई त्यांच्याकडे वळल्या. "भावजी, काल मी तोंडाला येईल ते बोलले. माफ करा. पण गाड्यांचा तळ होणार नाही."

"ते मी वेगळं भांडेन," देवदत्त म्हणाले आणि कुंपण ओलांडून घरी गेले.

आता सगळ्यात अवघड काम राहिलं होतं. बाई अनवाणीच निघाल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला, विहाराशेजारी बुधाजीचं घर. तो दारात कोयत्याला धार लावत होता. सखू नळावर भांडी घासत होती, तिनं बाईंना बघून भांडी जास्त जोरात आपटायला सुरुवात केली.

"निरोप मी नव्हता पाठवला. अजेयनं पाठवला," बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "आणि काल तुझं ऐकून न घेता मी तुला घालवलं. ते मात्र मीच केलं."

बुधाजीनं कोयता खाली ठेवला. "पानी गोड हुतं, बाई. मी चाखून बगितलं."

"मग मला फोन का नाही केलास?"

"फोन करू नको म्हनलावता. आन् मागं एकदा उलटून इचारलंवतं, तवा गावासमोर माझी लाज काढलीत. पुन्ना कोन इचारील?"

"आणि ती विहिरीलगतची रांग?"

उत्तर सखूनं दिलं, नळाकडे तोंड करूनच. "मालकांच्या हातची रांग ती, आजारपनात लावलेली. ती मरताना बगवंना. मोटर लावू नको म्हनलावता. कळशीचं काय म्हनला न्हाय. हिरीचं पानी घालायचं न्हाय, म्हून रोज सांच्याला आमच्या नळाचं पानी न्हेलं आमी दोगांनी. येवडीच वाचवता आली."

बाई खाली बसल्या, तिथंच, नळाच्या ओल्या फरशीवर. मग त्यांनी विचारलं, "येशील, बुधाजी?"

"यीन. पन हुकूम तोंडानं द्या. आन् मी इचारलं तर ऐकून घ्या."

"घेईन."

"बाकीच्यांत बी काय कोंब जित्ते असतील. आजच पानी मिळाया हवं. मोटरची चावी तुमच्याकं हाय, पन लाईट दुपारनंतर येनार." असं म्हणत सखूनं एक भरलेली कळशी बाईंच्या पुढ्यात ठेवली. तिचा राग गेलेला नव्हता, आणि तो गेलाय असं तिनं दाखवलंही नाही. "तवर ही हाय. उचला."

बाईंनी कळशी कडेवर घेतली. मागे बुधाजी दोन कळश्या घेऊन, त्याच्या मागे सखू. उन्हातून तिघं वाडीपर्यंत आली, तर बेड्यापाशी अजेय उभा. सामानाची बॅग त्याच्या पायाशी होती, डोळे सुजलेले. आईच्या कडेवरची कळशी आणि ओले, अनवाणी पाय बघून तो पुढे धावला.

"आई, पडशील. दे इकडे." त्यानं दोन्ही हात पुढे केले.

बाईंनी कळशी या कडेवरून त्या कडेवर घेतली. "पडले तर बुधाजी उचलेल," त्या म्हणाल्या, आणि त्याला वळसा घालून आत गेल्या. पहिल्या करपलेल्या झाडापाशी वाकून त्यांनी पाणी ओतलं. वाळूनं ते लगेच पिऊन टाकलं, म्हणून त्या पुन्हा कळशी भरायला विहिरीकडे वळल्या.